विगुण आणि गुण्या

नामदेवाची आई गोणाई हिने पंढरीच्या विठ्ठलाशी मांडलेले भांडण ज्यांनी नामदेवांच्या गाथेत वाचले असेल, त्यांना ती एका संताची माता म्हणून जितकी, तितकीच यच्चयावत् पालकांची वकील म्हणूनही स्मरत असेल. शिंप्याच्या कुळात जन्मलेल्या मुलाने सुईकात्री हाती धरावी, कापडाच्या व्यवहारात बापाला हातभार लावावा, संसाराला लागावे, एवढीच तिची मागणी. आणि मुलगा पाहावा तो टाळमृदंगाच्या नादात देहभान विसरून कीर्तनात नाचणारा. ती बाई स्वतः त्याच देवाची भक्त होती, आणि म्हणूनच तिने आपली फिर्याद दुसऱ्या कोणाकडे न नेता थेट प्रतिवादीच्याच दरबारात दाखल केली. सातशे वर्षे झाली. त्या फिर्यादीत जो प्रश्न गुंतला आहे त्याचा निवाडा अद्याप झालेला नाही. मुलाचे काम कोणते, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? कुळाचा, आईबापांचा, देवाचा, की त्या मुलाचा?

हा प्रश्न माझ्या घरी आला तो उलट्या वाटेने आला. माझी कन्या सातव्या वर्षापासून कथक शिकते. दहावीच्या वर्षापर्यंत गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा तिने दिली होती, आणि ज्या घरात प्रथम ‘नाच’ हा शब्द उच्चारताना माझ्या मातोश्रींचा स्वर नकळत खाली उतरत असे, त्याच घरात आता ‘आमची विशारद होणार’ असे त्याच मातोश्री शेजारणींना सांगू लागल्या होत्या. कलाशाखेत प्रवेश, सकाळी महाविद्यालय, सायंकाळी क्लास, पुढे नृत्यातलीच पदवी, असा सर्व बंदोबस्त आम्ही आमच्या मनाने करून टाकला होता. निकालानंतर प्रवेशअर्ज भरावयास बसलो तेव्हा तिने शांतपणे सांगितले की मला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जायचे आहे, आणि तेथे फिटरचा व्यवसाय शिकायचा आहे. ‘मग नृत्य?’ असे तिच्या आईने विचारले, तेव्हा ‘ते तर आहेच की,’ एवढेच उत्तर आले. जणू काही कोणी तिला, तू आयटीआयला गेलीस तर श्वास कोण घेणार, असे विचारले होते.

मी महसूल खात्यात आयुष्य काढलेला मनुष्य. कागद पाहिल्यावाचून माझी मती चालत नाही, आणि प्रत्येक गोष्टीची नोंद कोणत्या रकान्यात पडते हे ठरल्यावाचून मला झोप लागत नाही. म्हणून त्या रात्री मला प्रथम जो शब्द आठवला तो ‘स्वधर्म’ नव्हे, ‘वतन’ हा होता. गावचे पाटील, कुलकर्णी, महार, रामोशी यांची कामे वंशपरंपरेने चालत, त्या कामांबद्दल जमीन आणि हक्क मिळत, आणि कोणी काय करावयाचे हे त्याच्या जन्माआधीच दप्तरात लिहिलेले असे. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या, आणि पाटिलकी १९६२ च्या. त्या जुन्या फेरफारांची जीर्ण पाने मी या हातांनी उलटली आहेत. परंतु कायद्याने वतन जमिनीवरून उठते, मनावरून उठत नाही. ज्या बापाला स्वतःच्या वडिलांचे वतन मिळाले नाही तोही आपल्या अपत्याकडे पाहताना नकळत वतनदारच होतो. फरक इतकाच की पूर्वी तो म्हणे, ‘तू माझेच काम कर’. आता तो म्हणतो, ‘मला जे जमले नाही ते तू कर’, आणि या दुसऱ्या वाक्याला तो त्याग असे नाव देतो. आमच्या घरी कोणी कधी नाचले नव्हते; म्हणून नृत्य हे मुलीचे स्वातंत्र्य, असा आमचा समज. प्रत्यक्षात नऊ वर्षांत आम्ही त्याचेही एक वतन करून ठेवले होते, आणि तिने फिटर हा शब्द उच्चारताच आमच्यातला वतनदार दचकून उठला.

गीतेतील स्वधर्माचा विचार बहुतेकांना एका वाक्यापुरता ठाऊक असतो: परधर्म कितीही उत्तम आचरता आला तरी त्याहून विगुण असा स्वधर्मच श्रेयस्कर. तिसऱ्या अध्यायात आलेले हे विधान अठराव्या अध्यायात जसेच्या तसे पुन्हा येते, आणि भगवंतांना जी गोष्ट दोनदा सांगावीशी वाटली ती अर्जुनाला एकदाच ऐकून पटली नसावी, असे मानावयास हरकत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात जी प्रवचने दिली त्यांत त्यांनी असे प्रतिपादिले की स्वधर्म शोधावा लागत नाही. आई जशी आपण निवडत नाही तसा तो जन्माबरोबरच आपल्याला प्राप्त झालेला असतो. ज्ञानदेवांचा दृष्टांतही आईचाच आहे. आई कुबडी असली म्हणून तिचे प्रेम काही वाकडे नसते, तसे स्वधर्माचे आहे, असे ते सांगतात. दृष्टांत हृदयंगम आहे यात शंका नाही. परंतु ज्याला दृष्टांताच्या बाहेरही जगावे लागते त्या बापाला असा प्रश्न पडतो की, माझ्या मुलीच्या बाबतीत ही कुबडी आई कोणती? पायांतली घुंगरे की हातातली कानस?

येथे एक आक्षेप मध्येच उभा राहतो, आणि त्याला वळसा घालून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ‘विगुण असला तरी आपलाच’ हे वचन ज्याच्या वाट्याला सुखाचे काम आले त्याच्या मुखी एक अर्थ धारण करते, आणि ज्याच्या वाट्याला मेलेली जनावरे ओढण्याचे काम आले त्याच्या डोक्यावर दुसऱ्याच अर्थाने आदळते. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या आपल्या प्रबंधात दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीत माणसाची नैसर्गिक पात्रता किंवा आवड यांना कोणतेही स्थान नाही. टिळकांनी ‘गीतारहस्या’त, गीतेचे तत्त्व चातुर्वर्ण्यावर अवलंबून नाही, समाजाची घडी कशीही असली तरी तीत आपल्याकडे आलेले कर्तव्य निष्ठेने करणे हे त्याचे मर्म, अशी मांडणी केली आहे, तथापि त्या मांडणीतही ‘आलेले’ या शब्दाची झडती घेणे आवश्यक आहे. कर्तव्य कोठून आले? कोणी पाठविले? नाकारण्याची मुभा होती काय? ज्या दाराला आतून कडी नाही, फक्त बाहेरून कुलूप आहे, त्या खोलीत राहणाऱ्याला गृहस्थ म्हणत नाहीत. तेव्हा स्वधर्माचा विचार करावयाचाच असेल तर त्याची पहिली अट ही की, तो सोडून जाण्याची वाट मोकळी असली पाहिजे. वाट मोकळी असूनही मनुष्य जेथे राहतो, तेथे त्याच्या धर्माचा काही माग लागण्याचा संभव आहे.

हा माग कशावरून काढावा? पालक तो गुणांवरून काढतात, आणि शाळाही तेच शिकविते. मुलाला कशात चमक आहे, कशात बक्षिसे मिळतात, कशात चारचौघांत नाव निघते, ते त्याचे क्षेत्र. माझी समजूत या बाबतीत हळूहळू पालटली, आणि ती पालटण्यास भगवंतांचा तो एकच शब्द कारण झाला: विगुण. स्वधर्म गुणयुक्त असतो असे गीता म्हणतच नाही. उलट, धुराने जसा अग्नी वेढलेला असतो तसे प्रत्येक कर्म दोषाने वेढलेलेच असते, असे ती त्याच ठिकाणी सांगते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, प्रत्येक विद्येचा एक धूर असतो, आणि कोणाचे काम कोणते हे ज्वाळेवरून समजत नाही, कारण ज्वाळेपुढे सगळेच हात शेकतात. कोणाचे डोळे कोणत्या धुरात उघडे राहतात यावरून ते समजते. मुलाला काय आवडते हे विचारण्यापेक्षा, कशाचा कंटाळा त्याला सोसतो, हे न विचारता पाहावे. हे पाहण्यास वर्षे लागतात आणि पालकाला स्वस्थ बसावे लागते. म्हणूनच हा उपाय फारसा लोकप्रिय नाही.

नृत्याचा धूर मी नऊ वर्षे पाहिला. प्रेक्षकाला रंगमंचावरील चक्कर दिसतात. घरच्यांना तत्कार ऐकू येतो. आमच्या बाहेरच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी आहे. तीवर तीनतालाच्या सोळा मात्रा, प्रथम बरोबरीच्या लयीत, मग दुगुणीत, मग चौगुणीत, पाऊल सपाट पडून एकसारखा आवाज येईपर्यंत ही मुलगी आपटीत असे. दर पावलाचा आवाज सारखा हवा, उजव्याचा आणि डाव्याचा भेद कानाला कळता कामा नये, आणि लय वाढली म्हणून खांदे हलता कामा नयेत. खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाची दुपारची झोप मोडे म्हणून कित्येक दिवस ती घुंगरांवाचून सराव करी. घुंगरे नसली की चूक लपत नाही, असे क्लासच्या ताईंनी तिला सांगितले होते, आणि ती तक्रारीलाच सोय मानून मोकळी झाली. सुट्टीत मी तिला म्हणे, ‘आज राहू दे गं.’ त्यावर ती, ‘बाबा, तिहाई समेवर येत नाहीये,’ एवढे म्हणून पुन्हा आरंभ करी. एकच बोलसमूह तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात नेमका समेवर. दोनदा तो आघात अर्ध्या मात्रेने आधी पडे, आणि एवढ्याशा अर्ध्या मात्रेसाठी माझी दुपारची वामकुक्षी जाई.

या विद्येवर समाजाने घातलेला धूर निराळाच. नाट्याला पाचवा वेद म्हणणाऱ्या भरतमुनींच्या ग्रंथातच, अखेरीस, भरताच्या पुत्रांनी ऋषींची थट्टा करणारे प्रयोग केले म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला, आणि नाट्य टिकेल पण नटांचे कुळ हीन गणले जाईल असे ठरले, अशी कथा आहे. वेदाचा मान विद्येला आणि शाप विद्यार्थ्याला, ही आपली वाटणी फार जुनी आहे. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली ‘नृत्यभारती’ स्थापन केली, तेव्हा कथक शिकविण्याइतकेच, मुलीला नृत्य शिकविण्यात कमीपणा नाही, हेही त्यांना शेकडो पांढरपेशा घरांना शिकवावे लागले असले पाहिजे. माझ्या मातोश्रींच्या खाली उतरणाऱ्या स्वरात त्या शापाचाच शेवटचा पडसाद होता. गंमत ही की, तो पडसाद विरल्यावर त्यांना जी नवी हीनता दिसू लागली ती हातकामाची होती. ‘विशारद होणारी मुलगी आणि हाताला ग्रीस?’ असे त्या म्हणाल्या. शाप घराबाहेर गेलाच नव्हता. त्याने फक्त खोली बदलली होती. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी शिक्षणाच्या मध्यभागी हस्तोद्योग ठेवण्याची योजना मांडली, तिची आपण जयंत्यांच्या भाषणांतून स्तुती केली आणि आपली मुले दुसऱ्या दारातून आत सोडली.

कानशीचा धूर मला तिच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात दिसला. फिटरच्या विद्यार्थ्याला यंत्र हाती मिळत नाही. मिळतो तो नरम पोलादाचा एक तुकडा, वाइसमध्ये आवळलेला, आणि एक कानस. तुकड्याची बाजू सपाट करावयाची, लगतची बाजू तिच्याशी काटकोनात आणावयाची, एवढेच काम, आणि ते दिवसेंदिवस चालते. कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही; म्हणून परतीच्या वेळी दाब काढून घ्यावा लागतो. पुढे जाताना आरंभी भार डाव्या हातावर, शेवटी उजव्या हातावर, आणि मध्ये तो एका हातातून दुसऱ्या हातात असा सरकला पाहिजे की कानस मुळीच डोलता कामा नये. डोलली की पृष्ठभाग मध्ये फुगतो. तिच्या तळहातांना फोड आले. तिच्या आईने हळद लावली आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात गोणाईची सबंध फिर्याद होती. मुलगी मात्र म्हणाली, ‘सर म्हणतात, मी उभी बरोबर राहते. बाबा, कानस हातांनी नाही मारायची, पायांवर उभं राहून मारायची.’ मी त्या क्षणी काही बोललो नाही. शहाबादी फरशीवर नऊ वर्षे जे पडत होते ते कोठे साठत होते, हे मला तेव्हा प्रथम समजले.

यावरून, दोन विद्या मुळात एकच आहेत, असा सोयीस्कर सिद्धान्त काढण्याचा मोह मला झाला नाही असे नाही. पण तो खोटा आहे. तत्कार हवेत विरतो, पोलाद राहते. एकीत भाव हवा, दुसरीत भावाला जागा नाही. एक तिला पोट भरण्याइतके पैसे देईल की नाही याची खात्री नाही, आणि दुसरी तिला उन्हात कारखान्याच्या दारी उभी करणार हे जवळजवळ निश्चित आहे. एक हेच की, दोन्हींचा धूर तिच्या डोळ्यांना झोंबतो आणि ती डोळे मिटत नाही. स्वधर्म एकवचनीच असला पाहिजे, हा हट्ट कदाचित आमच्या वतनी दप्तराचा असेल. एका खात्यावर एकच नाव हवे, असे त्या दप्तराला वाटते. सावता मळा राखीत होता, नरहरी सोने घडवीत होता, सेना श्मश्रू करीत होता, आणि ही सारी मंडळी कीर्तनातही होती. नामदेवाचे नाचणे त्याच्या सुईच्या विरुद्ध होते असे गोणाईला वाटले; संतमंडळीत ते तसे कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

मग पालकाच्या वाट्याला काय उरते? गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असता त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवाचे मडके कच्चे ठरविले, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्ही पालक ती कथा ऐकतो आणि स्वतःला गोरोबा समजतो. गुणपत्रिका, स्पर्धा, कलचाचणी अशी नाना थापटणी आमच्या हाती असतात, आणि मूल चाकावरून उतरलेही नसते तोच आम्ही ते वाजवून पाहू लागतो. कुंभाराची गोष्ट मी आमच्या गावी लहानपणी जवळून पाहिली आहे. ओल्या मडक्याला तो बाहेरून थापटतो तेव्हा त्याचा दुसरा हात आत असतो, आणि बाहेरचा घाव जेथे पडतो नेमका तेथेच आतला हात टेकलेला असतो. तो आतला हात बाहेरून दिसत नाही, आणि मडके भाजून निघाल्यावर तो तेथे नसतो. क्लासची फी, पावसात भिजत नेऊन पोचविणे, फोडांवर हळद, खालच्या बिऱ्हाडाशी समेट, हे सारे आतल्या हाताचे काम. ते करीत असताना एकच पथ्य सांभाळावे लागते, आणि ते माझ्या खात्याच्या भाषेत सांगणे मला सोपे जाते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो. जमिनीवर कर्जाचा बोजा असेल तर त्याची नोंद तेथे होते, आणि तो बोजा उतरेपर्यंत मालक नावाचाच मालक राहतो. आपण अपत्यासाठी जे जे केले ते त्याच्या उताऱ्यावर त्या रकान्यात चढवू नये. निष्काम कर्माचा उपदेश रणांगणावर झाला हे खरे. परंतु त्याची खरी कसोटी मुलाच्या फीची पावती खिशात घालताना लागते. अर्जुनाला फक्त राज्यावरचा हक्क सोडावयाचा होता.

मी तो बोजा पूर्णपणे उतरविला आहे असे म्हणणार नाही. अजूनही कोणी ‘मुलगी काय करते?’ असे विचारले की मी आधी ‘कथक’ म्हणतो आणि मग फिटरचे सांगतो. समोरचा माणूस कारखान्यातला असला तर क्रम उलटा करतो. दोन्ही वेळा मी माझेच काही सांगत असतो.

तिने केलेला पहिला जॉब तिने मला दिला आहे. माझ्या टेबलावर तो कागदांवर वजन म्हणून असतो. गवंडी आणि सुतार ज्याला गुण्या म्हणतात तो काटकोन घेऊन एकदा मी तो तपासू लागलो. भगवंतांचा विगुण आणि गवंड्याचा गुण्या हे शब्द नात्याने एकमेकांचे कोणी नसतील. पण त्या संध्याकाळी ते माझ्या टेबलावर शेजारी बसले होते. गुण्याची पट्टी तुकड्याच्या बाजूस लावून तो खिडकीच्या उजेडाकडे धरावयाचा. जेथे फट असेल तेथून उजेड येतो. मी धरला. जवळजवळ सगळीकडे अंधार होता, आणि एका कोपऱ्यात केसाएवढी उजेडाची रेघ. ‘इथे थोडे राहिले आहे,’ मी म्हणालो. तिने माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले. ‘हो, ते सरांनाही दिसलं होतं,’ ती म्हणाली, आणि फरशीवर बसून घुंगरांची दोरी पायाला गुंडाळू लागली. तिहाई त्या दिवशीही समेवर आली नाही. मी मोजीत होतो. पण या खेपेस, ‘राहू दे’ असे म्हणालो नाही.